पडवीला पार्किंगची फरशी

"वहिनी, फरशी पसंत करताय की जावई?"

धाकटू मिस्त्रीनं विचारलं तेव्हा माझ्या एका हातात साबणाच्या पाण्याचा तांब्या होता, दुसऱ्या हातात खोबरेल तेलाची बाटली आणि पायाशी स्वयंपाकघरातून आणलेला वरवंटा.

"जावई परवडला," मी म्हटलं. "नाही पटला तर लेक चार दिवस माहेरी आणता येते. फरशी नाही पटली तर पुन्हा तुझं तोंड बघावं लागेल."

"मग नकोच पटू दे," धाकटू म्हणाला, आणि आपल्याच विनोदावर इतका हसला की विडीचा ठसका लागला.

देवरुखातली रविवारची सकाळ होती, दिवाळी नुकतीच आटोपलेली. या गोष्टीला आता चौदा वर्षं झाली. आमच्या घराच्या पुढच्या पडवीला तेव्हा नवीकोरी हिरवी जाळी लावली होती, तिन्ही बाजूंनी, डास येऊ नयेत म्हणून. खाली मात्र नुसता सिमेंटचा कोबा, खरखरीत, पाणी निघून जावं म्हणून बाहेरच्या बाजूला ढाळ दिलेला. त्यावर घालायला फरशी निवडायची होती. धाकटूनं चार प्रकारचे नमुने आणून, खाली वाळू पसरून, ठोकून पक्के बसवून ठेवले होते. त्यांच्यावर मी खडूनं एक, दोन, तीन, चार असे नंबर घातले होते. मी सरकारी दवाखान्यात प्रयोगशाळेत रक्त-लघवी तपासायला होते. नमुना म्हटला की त्यावर नंबर हवा आणि तपासल्याशिवाय विश्वास नाही, हा माझा स्वभावच. रिपोर्टात जे आलं ते तोंडावर सांगायचं, साखर घोळून नाही, हाही. त्यामुळे नातेवाइकांत मी 'फटकळ सुगंधा' म्हणून ठाऊक आहे आणि मला त्याचं काही वाटत नाही.

आमचे हे हायस्कुलात चित्रकलेचे शिक्षक. त्यांचा जीव एक नंबरवर जडला होता. दुधासारखी पांढरी, चकचकीत, दोन बाय दोनची मोठी टाइल.

"अगं, बघ तरी! जाळीतून येणारा हिरवा उजेड कसा उतरलाय तिच्यात," ते म्हणाले.

"उजेड उतरतोय ते ठीक. माणूस उभा राहतोय का ते बघू."

"सुगंधाचं बरोबर आहे," दारातून आवाज आला. "आधी माणूस, मग उजेड."

ते आबा. माझे सासरे. घरातून पडवीत येण्याच्या दारात, उंबऱ्याच्या आतल्या बाजूला ते उभे होते. दोन्ही हातांनी दोन्हीकडची चौकट गच्च धरलेली. उंबऱ्याच्या अलीकडे त्यांचं पाऊल गेले पाच महिने पडलं नव्हतं, आणि खरं सांगायचं तर ही जाळी, ही फरशी, हा सगळा खटाटोप त्या एका पावलासाठी होता.

आबा एसटीत कंडक्टर होते. एकतीस वर्षं. घाटात, वळणावर, खच्चून भरलेल्या गाडीत एका हातात तिकिटांची पेटी, दुसऱ्या हातात सुटे पैसे, आणि कुठेही न धरता उभे. "एकतीस वर्षांत एकदाही पडलो नाही," हे ते येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत. आणि मग मे महिन्यात एका लग्नात, कार्यालयाच्या गुळगुळीत फरशीवर कोणीतरी मठ्ठा सांडला, आणि आबा भर पंगतीत आडवे झाले. खुब्याचं हाड मोडलं. वऱ्हाडातली दोन पोरं हसली. हाडापेक्षा ते हसणं जास्त लागलं असावं, कारण त्यानंतर 'एकतीस वर्षांत' हे शब्द त्यांनी काढले नाहीत.

ऑपरेशन झालं, हाड जुळलं. डॉक्टरांनी आम्हा दोघांना बाजूला घेऊन सांगितलं, "आता पायात काही दोष नाही. दोष मनात आहे. हे असेच बसून राहिले ना, तर पायातली ताकद जाईल. मग चालायचं म्हटलं तरी जमणार नाही. खाटच."

मी रोज मागे लागायची. "आबा, पडवीपर्यंत चला." तर म्हणत, "बाहेर डास फोडून खातात." म्हणून जाळी लावली. जाळी लागल्यावर म्हणाले, "कोबा खरखरीत आहे, पायाला टोचतो." म्हणून फरशी. मला ठाऊक होतं की फरशी झाली की काहीतरी तिसरं निघणार. भीती अशी एका फटक्यात कबूल करतंय कोण? पण मीही हट्टाला पेटले होते. कारणं संपेपर्यंत एकेक कारण बुजवत जायचं, असं ठरवलं होतं.

"चला, पहिली परीक्षा," मी म्हटलं आणि वरवंटा उचलला.

गुडघ्याच्या उंचीवरून एकेका नमुन्यावर सोडला. तीन नंबरची फुलाफुलांची टाइल पहिल्याच दणक्यात तडकली.

"तीन नंबर कैलासवासी," धाकटूनं जाहीर केलं.

दुसरी परीक्षा तेलाची आणि हळदीची. दोन नंबरला शहाबादी होती. तिनं तेल असं प्यायलं की काळा डाग पडला तो पडलाच. वर धाकटू म्हणाला, "शहाबादी मजबूत हो, पिढ्यान्‌पिढ्या टिकेल. पण आपल्याकडचा पाऊस जाळीतून आत झोडपणार. श्रावणात शेवाळ धरलं नाही तर नाव बदलीन."

एक नंबरची दुधाळ टाइल मात्र फडकं मारलं की पुन्हा लख्ख. तडा नाही, डाग नाही. आमचे हे असे बघत होते जसा त्यांच्याच वर्गातला पोरगा बोर्डात आलाय.

"आणि हे चार नंबर काय प्रकरण आहे?" त्यांनी विचारलं.

चार नंबरला फूट फूटभराच्या करड्या, जाड, वर चौकोनी उंचवटे असलेल्या टाइल्स होत्या.

"पार्किंगच्या," धाकटू म्हणाला. "गाड्या लावतात त्या. एका गिऱ्हाइकाच्या उरल्यात, म्हटलं असू द्यावं."

"घराला पार्किंगच्या टाइल्स? शी! काढून टाक ते."

"परीक्षेला बसलाय तर पेपर लिहू द्या त्याला," मी म्हटलं. "आता शेवटची. पाण्याची."

मी तांब्यातलं साबणाचं पाणी चारी नमुन्यांवर ओतलं. हे टॉवेल आणि चहा आणायला आत गेले. मी चपला काढल्या, साडीचा काठ खोचला आणि दाराकडे पाठ करून चालायला लागले. पहिली आली शहाबादी.

दारातून आबा सुरू झाले. "अगं अशी नाही! टाच आधी टेकवू नकोस. पाऊल आडवं टाक, गुडघ्यात सैल राहा. गाडी वळणावर आहे असं समज."

"गाडी कुठाय आबा, मी घरात आहे!"

"म्हणून तर पडशील. गाडीत माणूस सावध असतो. घरातच गाफील राहतो."

"मग या ना बाहेर, दाखवा करून."

आबांची चौकटीवरची बोटं पांढरी पडली. मला माझ्याच जिभेचा राग आला. म्हटलं, जाऊ दे, पुढे चालावं. एक नंबरवर पाऊल ठेवायच्या आधी मी खाली वाकून पाहिलं, खडूचा आकडा पाण्यानं पुसला की काय म्हणून. मग पाऊल टाकलं.

काय झालं ते मला नीट सांगता यायचं नाही. पाऊल टेकलं असं वाटलं तोवर ते पुढे गेलं होतं, ढाळाच्या दिशेनं, आणि दुसरंही त्याच्यामागे. "आई गं!" एवढंच तोंडातून निघालं. उजवा घोटा शेजारच्या टाइलच्या कडेवर आपटला, आतून काहीतरी मुरगळलं, जाळी वर आणि छप्पर समोर आलं. आता डोकं कोब्यावर फुटणार हे मला स्पष्ट कळलं.

ते फुटलं नाही. माझ्या दोन्ही काखांत दोन हात घुसले आणि मी अधांतरी थांबले. मी काही फूल नव्हे, तेव्हा चांगली पासष्ट किलो होते. त्या हातांनी मला पेललं, हळूच मागे ओढलं आणि पायांवर उभं केलं.

"हां, सावकाश. धरलंय," मागून आवाज आला. अगदी शांत. हजारो बायाबापड्यांना असंच म्हटलं असेल गाडीत.

मी वळून पाहिलं. आबा पडवीत होते. उंबऱ्यापासून दोन पावलं बाहेर, ओल्या कोब्यावर, पाय आडवे फाकून, गुडघे सैल सोडून. त्यांचा हात चौकटीला नव्हता. माझ्या दंडांशिवाय कशालाच नव्हता.

धाकटू हातातली विडी विसरून बघत राहिला होता.

मग आबांचंही लक्ष गेलं. त्यांनी आधी मागे दाराकडे पाहिलं, मग खाली आपल्या पायांकडे. आणि पाच महिन्यांची सगळी भीती एकदम त्यांच्या चेहऱ्यावर आली. एक हात माझा दंड सोडून मागे चौकट शोधायला लागला. मला वाटलं, हे आता जिथल्या तिथे खाली बसणार, आणि मग पुन्हा कधीच उठणार नाहीत.

"सुगंधा," ते म्हणाले, "खरं सांग. घसरलीस की मुद्दाम पडलीस?"

मी तोंड उघडलं. खरं सांगायला मला कधी वेळ लागलेला नाही. घोट्यातून कळ अशी उठत होती की डोळ्यांसमोर काजवे चमकत होते.

"मुद्दामच पडलीस तू," तेच घाईनं पुढे म्हणाले. "मी ओळखतो. सीट मिळावी म्हणून गाडीत चक्कर आल्याचं सोंग करणारे शेकड्यानं पाहिलेत. खोटं पडणारा माणूस आधी खाली जागा बघतो, तू बघितलीस. खोटं पडणारा आधी ओरडतो, मग पडतो. तू ओरडलीस. आणि पडलीस तीही नेमकी माझ्याकडे. मी बाहेर यावं म्हणून केलंस ना हे? बोल."

त्यांचा आवाज अजिजीचा होता. आबांना मी अजिजीनं बोलताना त्याआधी ऐकलं नव्हतं. मी 'खरंच घसरले' म्हटलं असतं, तर त्यांच्या लेखी फरशी जिंकली असती. फरशी माणसाला पाडतेच, धडधाकट सुनेलासुद्धा पाडते, आपलं घाबरणंच बरोबर. आणि ते मागच्या मागे खाटेवर गेले असते. एवढं सगळं माझ्या डोक्यात एका श्वासात येऊन गेलं. मी आयुष्यात एक रिपोर्ट खोटा दिलेला नाही हो. पण त्या तोंडाकडे बघून मला भरून आलं.

"हो आबा," मी म्हटलं. "मुद्दामच. तुम्ही ऐकेनाच, मग काय करू?"

आबा असे हसले, असे हसले की जाळी हलायची बाकी राहिली. पाच महिन्यांत पहिल्यांदा. चौकट शोधणारा हात पुन्हा माझ्या दंडावर आला. "वाटलंच मला! अगं बाई, काय सोंग काढलंस! मी म्हणजे कोण? एकतीस वर्षं गाडीत घालवलीत, मला फसवतेस?"

एकतीस वर्षं! ते शब्द ऐकून धाकटूनं टोपी काढून हातात घेतली.

तेवढ्यात आमचे हे चहाचा ट्रे घेऊन दारात आले आणि तिथेच थबकले. "आबा! तुम्ही बाहेर?"

"मग काय आत राहू? माणसं पडतायत इथे," आबा म्हणाले. "चहा ठेव खाली आणि बाजूला हो. पुढे चला, पुढे चला!"

आणि ते निघाले. माझा एक दंड धरून, ओल्या नमुन्यांवरून. शहाबादीवर दोन पावलं, "ठीक आहे, पण निसरडी होणार." फुटक्या तीन नंबरला वळसा. एक नंबरपाशी थांबून त्यांनी अंगठ्यानं नुसतं चाचपलं आणि यांच्याकडे बघून म्हणाले, "ही तुझ्या शाळेत भिंतीवर लाव. चित्र म्हणून." मग चार नंबरवर दोन्ही पाय ठेवून उभे राहिले. अंग पुढे झोकलं, मागे झोकलं, टाचेवर एक हिसका दिला. पाऊल तसूभर हललं नाही.

"ही," ते म्हणाले.

"आबा, ती पार्किंगची आहे," हे काकुळतीला आले. "लोक हसतील. विचारतील, गाडी कुठाय म्हणून."

"सांग, गाडी मीच. रिटायर झाली म्हणून इथे लावलीय."

मग मात्र यांनाही हसू आवरेना. हसता हसता यांचे डोळे भरून आले आणि चित्रकलेच्या मास्तरांनी बरोबर आणलेल्या टॉवेलनं तोंड पुसलं. एक नंबरचा विषय तिथेच संपला. आबा जाळीपाशी खुर्ची टाकून बसले, एकदा बाहेर आले ते दुपारच्या जेवणालाही आत जायला तयार होईनात, ताटसुद्धा तिथेच मागवलं. समोरच्या रस्त्यानं जाणाऱ्या प्रत्येकाला हाक मारून बोलावत होते आणि प्रत्येकाला तीच गोष्ट सांगत होते, "आमच्या सुनेनं काय केलं ठाऊक आहे का?"

मी स्वयंपाकघरात जाऊन साडी वर केली. घोटा भोपळ्यासारखा सुजला होता. धाकटू पाणी प्यायला मागच्या दारानं आला आणि त्यानं तो बघितला. त्याचं तोंड उघडं पडलं.

"वहिनी, म्हणजे तुम्ही खरोखरच..."

"धाकटू, पाणी पी आणि गप बस."

"पण हे तर..."

"बोललास तर पार्किंगच्या टाइल्स परत ने."

बिचाऱ्यानं पाणी प्यायलं. दुसऱ्या दिवशी येताना सुजेवर बांधायला निर्गुडीचा पाला घेऊन आला आणि काही न बोलता ओट्यावर ठेवून गेला. ते गुपित त्यानं आजवर सांभाळलंय.

माझी खरी परीक्षा सोमवारी पहाटे सुरू झाली. दारावर टकटक. आबा आंघोळ करून, स्वच्छ सदरा घालून उभे.

"चल सुगंधा. फरशी बसायची तेव्हा बसेल. तोवर कोब्यावरच फेऱ्या मारू. डॉक्टर म्हणाले ना, चाला? पण तू बरोबर हवीस."

जो कोबा पायाला टोचतो म्हणून कुरकुर केली, त्याच कोब्यावर! मी काय सांगणार? पाय दुखतोय म्हटलं, की सगळं उघडं पडलं असतं. घोट्याला साडीच्या आत पट्टी आवळली, दात आवळले आणि निघाले.

आबांनी उजवा हात माझ्या खांद्यावर ठेवला, मी त्यांच्या कमरेला हाताचा विळखा घातला. जाळीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत, आणि परत. पहिल्या दिवशी चार फेऱ्या. दुसऱ्या दिवशी सहा. रोज दोन वाढवायच्या, हा त्यांचाच हुकूम. मला प्रत्येक पावलाला ब्रह्मांड आठवत होतं आणि चेहरा हसरा ठेवायचा होता.

"तू एवढी सावकाश का चालतेस?" तिसऱ्या दिवशी त्यांनी विचारलं.

"तुमच्यासाठी, आबा."

"माझ्यासाठी नको हो सावकाश. मला जमतंय. तू टाक अंग माझ्यावर खुशाल, मी धरतो. बघू तरी पेलवतं का."

मी अंग टाकलं. सगळं. उजवा पाय नुसता जमिनीला टेकवायचा, भार सगळा त्यांच्यावर. त्यांना वाटलं, सून आपल्याला व्यायाम देते आहे. ते मान ताठ करून, पाऊल आडवं टाकत, पेलत राहिले.

दहा दिवस असं चाललं. मग धाकटूनं टाइल्स बसवल्या, माझ्या घोट्याची सूज उतरली आणि महिनाभरात आबा एकटे काठी टेकत डेपोपर्यंत जायला लागले, जुन्या मंडळींना हीच गोष्ट सांगायला. आज ते चौऱ्याऐंशीचे आहेत आणि अजून सांगतात. पाहुणा पडवीत आला, खालच्या करड्या चौकोनांकडे बघून बिचकला, की आबा लगेच सुरू होतात. सुनेनं पडायचं सोंग कसं केलं, आणि आपण ते कसं ओळखलं. पाहुणा माझ्याकडे कौतुकानं बघतो आणि मी चहा ठेवायच्या निमित्तानं आत पळते.

समोरच्या शेजारीणबाई अजून सांगतात, काय ती सून, दहा दिवस पहाटे उठून सासऱ्याला धरून धरून चालवत होती. मी हो म्हणते. त्या दहा दिवसांत आबांनी मला चालवलं.